रोजच्या वापराला काय घ्यावं: लिनक्स, फ्रीबीएसडी की ओपनबीएसडी?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे इंटेलच्या सहाव्या पिढीचा लॅपटॉप आहे. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. मशीन ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर यादीत नाही एवढ्याच कारणासाठी चांगलं मशीन भंगारात काढायला मन घेत नाही.

वापर साधा आहे. ब्राउझर दिवसभर उघडा असतो. वर्ड-एक्सेलच्या फाइली येत-जात असतात. व्हिडिओ कॉल, ब्लूटूथ हेडफोन, फोटो, रात्री एखादा सिनेमा ऑनलाइन, मराठी टायपिंग आणि थोडंफार पायथन. गेम अजिबात नाहीत.

वाचायला बसलो आणि डोकं गरगरलं. एक म्हणतो मिंट, दुसरा फेडोरा (हे दोन्ही लिनक्सचेच तयार संच, म्हणजे डिस्ट्रो). तिसरा म्हणतो लिनक्स म्हणजे नुसतं कर्नल (सिस्टीमचा गाभा), खरं युनिक्स (हे सगळे ज्या जुन्या सिस्टीमच्या वळणावर आहेत ती) हवं तर फ्रीबीएसडी. चौथा ओपनबीएसडीखेरीज बाकी सगळं असुरक्षित ठरवून मोकळा होतो. टर्मिनलची मला भीती नाही, पण रोज उठून त्यातच बसायची हौसही नाही. रोज वापरताना या सगळ्यांत फरक नेमका कुठे जाणवतो? 'शेवटी ज्याची त्याची आवड' हे उत्तर कृपया नको.

---

पुदिना

मिंट, सिनॅमन डेस्कटॉप. विषय संपला. :)

मिंट २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या डिस्ट्रोवर बेतलेली आहे, २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, म्हणजे विंडोजवरून येणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. उबंटूचं स्नॅप (प्रोग्राम बसवायची तिची वेगळी पद्धत) यात आपणहून घुसत नाही. टाइमशिफ्ट आधीपासून बसवलेलं असतं, ते एकदा सुरू करून ठेवा. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. घरातल्या सगळ्या मशीनवर हेच टाकलंय आणि मला कुणी मदतीला हाक मारत नाही.

---

जुना_टर्मिनल

पुदिना म्हणतात त्याला माझा विरोध नाही. पण तुम्ही विचारलंय फरक कुठे जाणवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो. माझ्या लॅपटॉपवर डेबियन १३ ही लिनक्स डिस्ट्रो आहे आणि टेबलावरच्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी १४. दोन्हींवर रोज काम करतो. कुठल्याच गटाचा झेंडा खांद्यावर नाही.

पहिलं म्हणजे, फायरफॉक्स उघडून बसलात की खाली कोण आहे हे कळतसुद्धा नाही. तोच केडीई डेस्कटॉप, तेच लिबरऑफिस, तोच व्हीएलसी. त्यामुळे डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून केलेल्या तुलना बघण्यात वेळ घालवू नका. खरा फरक कळतो तो अपडेट करताना, लॅपटॉपचं झाकण मिटताना आणि काहीतरी बिघडल्यावर उत्तर शोधताना.

अपडेटचं सांगतो, कारण मला सगळ्यात रस त्यात आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. लिनक्सच्या डिस्ट्रोमध्ये सगळंच पॅकेज असतं. कर्नल एक पॅकेज, शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा घेणारा प्रोग्राम) एक पॅकेज, फायरफॉक्सही पॅकेज. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या हजारो गोष्टी डिस्ट्रोवाले एकत्र बांधतात आणि ती मोट जुळते की नाही हे तपासतात. डेबियन तर ती तपासून झाली की गोठवूनच टाकतं. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणूनच डेबियनमध्ये फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती मिळते आणि लिबरऑफिस आहे तिथेच थांबलेलं असतं.

फ्रीबीएसडीत कर्नल, सी लायब्ररी, शेल, नेटवर्कची अवजारं आणि त्या सगळ्यांची मॅन्युअल पानं एकाच प्रकल्पाच्या एकाच सोर्सकोडमध्ये राहतात. याला ते बेस म्हणतात. बाकी जे काही तुम्ही बसवाल, केडीई असो वा ब्राउझर, ते वेगळ्या डिरेक्टरीत जातं आणि वेगळं अपडेट होतं. त्यामुळे खालची सिस्टीम जुनी आणि स्थिर, वरचा ब्राउझर मात्र ताजा, अशी जोडी सहज जमते. उद्या सगळी पॅकेजं पुसून टाकलीत तरी मशीन सुरू होतं, नेटवर्क लागतं आणि पुन्हा बसवायला घेता येतं. हे एकदा अनुभवलं की लिनक्समधली सरमिसळ डोळ्यांना खुपायला लागते, हे कबूल करायला हवं.

पण याची दुसरी बाजूही आहे. फ्रीबीएसडीची पॅकेजं पुढे सरकत राहतात. आपण काही बदललं नाही तर तिमाही शाखा मिळते, म्हणजे दर तीन महिन्यांनी केडीईसकट सगळं थोडं थोडं हलतं. एखाद्या दिवशी पॅनेलवरचं बटण जागेवर नसतं. कामाच्या मशीनवर मला हे चालत नाही, तिथे डेबियनचं थिजलेपण बरं वाटतं. डेस्कटॉपवर चालतं, कारण तिथे झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) आहे.

झेडएफएसवर वेगळा धागा होईल, पण इथे एकच गोष्ट. फ्रीबीएसडी झेडएफएसवर बसवलं की मोठ्या अपडेटआधी पूर्ण सिस्टीमची 'बूट एन्व्हायर्नमेंट' करून ठेवता येते. काही सेकंदांचं काम, आणि त्या क्षणी जागाही जवळपास लागत नाही, कारण बदललेले ब्लॉकच तेवढे नंतर वेगळे साठवले जातात. नवीन सिस्टीम सुरू झाली नाही तर बूटच्या मेनूत जुनी निवडायची. पुदिना यांचं टाइमशिफ्ट याच गरजेसाठी आहे, पण लिनक्सच्या साध्या एक्स्ट४ फाइल सिस्टीमवर ते फाइली प्रत्यक्ष कॉपी करतं, शिवाय बिघडलेलं मशीन सुरू होत नसेल तर पेनड्राइव्ह शोधावा लागतो. लिनक्सवर याच्या तोडीचं काही हवं असेल तर ओपनसुसे ही डिस्ट्रो बघा. त्यात बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमचे स्नॅपशॉट (सिस्टीमच्या त्या क्षणाच्या नोंदी) अपडेटच्या आधी आणि नंतर आपोआप घेतले जातात आणि बूट मेनूत दिसतात. ओपनसुसेचं नाव अशा चर्चांत फारसं का निघत नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

(अवांतर: झेडएफएस लिनक्सच्या कर्नलमध्येच का नाही? सन या कंपनीने ते सीडीडीएल परवान्याखाली खुलं केलं आणि लिनक्सचं कर्नल जीपीएलखाली आहे. हे दोन परवाने एकत्र नांदत नाहीत असं बहुतेकांचं मत आहे, म्हणून ते बाहेरून जोडावं लागतं. बीएसडीच्या परवान्याला ती अडचण नाही. कोड मात्र आता सारखाच आहे: २०२० च्या ओपनझेडएफएस २.० पासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी एकाच सोर्समधून घेतात.)

आता झाकण. इथे फ्रीबीएसडीची बाजू लंगडी पडते आणि त्याला आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. इंटेलच्या बऱ्याच वायफाय कार्डांना ते वर्षानुवर्षं ८०२.११जी च्या वेगातच चालवत होतं, म्हणजे कागदावर ५४ मेगाबिट आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या १४.३ मध्ये काही कार्डांना त्यापुढचे वेग मिळाले. ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधूनच जुळवून घेतलेले असतात, त्यामुळे नवं हार्डवेअर इथे मागाहून पोचतं. झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं हे जुन्या इंटेल मशीनवर बऱ्याचदा जमतं, पण 'बऱ्याचदा' हा शब्द लॅपटॉपसाठी पुरेसा नाही. लॅपटॉपचा कॅमेरा चालवायला वेबकॅमडी नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो. ब्लूटूथ हेडफोनची जुळवाजुळव करण्यापेक्षा मी सरळ वायरचा हेडफोन लावतो.

यामागे इतिहास आहे. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीच्या (बर्कली विद्यापीठातून आलेल्या युनिक्सच्या शाखेच्या) कोडवर दावा ठोकला आणि तो १९९४ मध्ये मिटला. नेमक्या त्या काळात फुकट युनिक्स शोधणारे लोक १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सकडे वळले. ३८६बीएसडी, म्हणजे पीसीवर चालणारं बीएसडी, आधी मिळालं असतं तर लिनक्स कदाचित झालंच नसतं, असं लिनक्सचे जनक खुद्द टॉरव्हाल्ड्स यांनी म्हटलेलं आहे. जिकडे माणसं गेली तिकडे कंपन्यांचे ड्रायव्हर गेले. तुमच्या वायफायचा वेग तेव्हाच्या कोर्टकचेरीपर्यंत जाऊन पोचतो, तो असा.

ऑनलाइन सिनेमा हा आणखी एक खडा. बहुतेक पैसे भरून बघायच्या सेवा वाइडवाइन नावाचं गूगलचं कुलूप वापरतात. लिनक्सवर ते ब्राउझरला मिळतं, चित्राचा दर्जा मात्र अनेक सेवा कमी देतात. बीएसडींसाठी ते बनवलंच जात नाही. फ्रीबीएसडी लिनक्सचे प्रोग्राम चालवू शकतं आणि त्या वाटेने लिनक्सचं क्रोम आणून काही लोक बघतात, पण 'रात्री एखादा सिनेमा' बघायला एवढा द्राविडी प्राणायाम तुम्ही करणार नाही, असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं.

माहिती शोधण्याच्या बाबतीत फ्रीबीएसडीचं हँडबुक वाचायला घ्याच, मग वापरा किंवा वापरू नका. एका ठिकाणी, एका सुरात, जुन्या-नव्याची भेसळ न करता लिहिलेलं. लिनक्समध्ये शोध घेतला की पहिली पाच उत्तरं पाच आवृत्त्यांसाठीची आणि त्यातली तीन कालबाह्य. अपवाद आर्च या डिस्ट्रोच्या विकीचा. आर्च वापरत नसाल तरी ती उपयोगी पडते, मी डेबियनवर बसून तीच वाचतो.

तर तुमच्या यादीतल्या ब्लूटूथ, कॅमेरा आणि सिनेमा या तीन गोष्टींनी निकाल लावलेला आहे. लॅपटॉपवर लिनक्स. डेबियन की मिंट, यात तुम्हाला मी मिंट सुचवेन, कारण पहिल्या दिवशी ठरवाव्या लागणाऱ्या गोष्टी कमी आहेत. फेडोरा उत्तम आहे, पण दर आवृत्तीला साधारण १३ महिनेच आधार मिळतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठी झेप घ्यावीच लागते. हौस असेल त्यांनी घ्यावी.

---

फुगूमासा

'बाकी सगळं असुरक्षित ठरवणारा चौथा' बहुधा मीच. :)

जुना_टर्मिनल यांनी आमचा पत्ता न कापता नुसता वगळला, म्हणून मीच लिहितो. ओपनबीएसडी माझ्या लॅपटॉपवर एकटंच आहे. १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडी या आणखी एका बीएसडीतून ते वेगळं काढलं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, वेळापत्रक सहसा चुकत नाही. अपग्रेड म्हणजे एक आज्ञा द्यायची, मशीन आपणहून बंद-चालू होतं आणि नव्या आवृत्तीत उघडतं. आणि झाकणाचं म्हणाल तर आमच्याकडे ते मिटतं आणि उघडतं, कारण लिहिणारे लोक हेच लॅपटॉपवर वापरतात.

पण धागाकर्ते, तुम्हाला हे मी सुचवणार नाही. कारणं ऐका, म्हणजे सुरक्षा कशाशी खातात ते कळेल. ब्लूटूथ २०१४ मध्ये काढूनच टाकलं. कोड सांभाळायला कुणी नव्हतं, मग ठेवायचा कशाला, एवढाच हिशोब. तुमचे हेडफोन तिथेच संपले. माइक आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सिस्टीमच्या पातळीवरच बंद असतं. दोन सेटिंग बदलेपर्यंत व्हिडिओ कॉलमध्ये तुम्ही काळे आणि मुके. ब्राउझरला तुमच्या होम डिरेक्टरीतलं जवळपास काही दिसत नाही, फक्त डाउनलोड्स दिसतं. एखादा फोटो अपलोड करायचा तर आधी तो तिथे नेऊन ठेवायचा. पहिल्यांदा चिडचिड होते. मग लक्षात येतं की एखाद्या पानाने ब्राउझर फोडला तरी त्यालाही तेवढंच दिसणार आहे. २०१८ पासून हायपरथ्रेडिंगसुद्धा (प्रोसेसरचा एक कोअर दोन असल्यासारखा चालवणं) बंद ठेवून मिळतं. ब्राउझर लिनक्सपेक्षा मंद चालतो आणि तो मंदपणा जाणवतो. फाइल सिस्टीमला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही, वीज गेली आणि बॅटरीही संपलेली असली तर पुढच्या वेळी डिस्क तपासत बसते.

हे सगळं मला चालतं. माझं काम मेल, मजकूर आणि दूरच्या मशीनवर एसएसएच (सुरक्षित जोडणी) एवढंच आहे. मॅन्युअल पानं इतकी नेटकी आहेत की इंटरनेट नसताना मी सिस्टीम नीट चालती करू शकतो. तुमची यादी पाहता तुम्ही दुसऱ्या दिवशी वैतागाल. तसंही तुम्ही मिंट घेतलंत तरी त्यातलं ओपनएसएसएच आमच्याकडूनच आलेलं असणार.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, विशेषतः नको म्हणणाऱ्याचे. वायफाय कार्ड इंटेल ८२६० आहे. तीन उपप्रश्न:

बसवण्याआधी सगळं चालतंय का हे कसं बघू? फ्रीबीएसडीचं ते बेसचं प्रकरण वाचून उत्सुकता चाळवली आहे, दोन्ही एकाच एसएसडीवर ठेवता येतील का? आणि मराठी टायपिंग?

---

जुना_टर्मिनल

८२६० लिनक्सवर निर्धास्त चालतं. ओपनबीएसडीही ते व्यवस्थित ओळखतं.

मिंटचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरूनच मशीन सुरू करा, काही न बसवता पूर्ण डेस्कटॉप उघडतो. मग लोक फायरफॉक्स उघडून 'चालतंय' म्हणतात आणि थांबतात. तसं करू नका. झाकण मिटा, थोडा वेळ जाऊ द्या, उघडा. जागं झाल्यावर वायफाय परत लागतं का बघा. हेडफोन जोडा आणि त्याच्याच माइकवरून एक कॉल करा. आवाज ऐकू येणं आणि त्याच वेळी माइक चालणं या ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलच्या वेळी आवाजाची प्रत खाली येते, ते हेडफोन बिघडल्याचं लक्षण नव्हे. प्रिंटर असेल तर एक पान काढा.

२५६ जीबीत दोन सिस्टीम मावतात, पण मी मावू देणार नाही. फ्रीबीएसडीला झेडएफएस हवं, मिंट एक्स्ट४ वर असेल, आणि दोघांना एकमेकांच्या फाइलींमध्ये नीट लिहिता यावं म्हणून तिसरं पार्टिशन काढावं लागेल. त्यापेक्षा मिंटमध्ये व्हर्च्युअल मशीन करा आणि त्यात फ्रीबीएसडी बसवा. ४ जीबी रॅम त्याला दिलीत तर झेडएफएससुद्धा चालतं. तिथे वायफायचा प्रश्नच येत नाही, कारण आतल्या सिस्टीमला दिसतं ते नेटवर्क कार्ड बनावट असतं. बूट एन्व्हायर्नमेंट करा, मग मुद्दाम काहीतरी मोडा आणि मेनूतून मागे जा. मौज त्यातच आहे. प्रत्यक्ष लॅपटॉपवर नुसतं बघायचं असेल तर नोमॅडबीएसडी आहे, तेही फ्रीबीएसडीच, पेनड्राइव्हवरून चालणारं, आणि केलेले बदल त्यातच साठवणारं. घोस्टबीएसडी तयार डेस्कटॉपसकट मिळतं.

देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर काहीच बसवू नका, कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी निवडलं की झालं. तो लेआउट एक्स या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेच्या स्वतःच्या संचातला आहे, त्यामुळे बीएसडीवरही तोच मिळतो. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज लागेल.

मिंट बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याची खूण करायला विसरू नका. नंतर करायचं म्हटलं तर बहुतेक सगळं पुसून परत बसवावं लागतं. लॅपटॉप आहे, कधीतरी कुठेतरी राहतोच.

---

पुदिना

वर्डच्या फाइलींबद्दल कुणीच बोललं नाही, आणि रोजचा त्रास खरं तर तिथे होतो. लिबरऑफिसमध्ये आलेली फाइल उघडली की ओळी सरकतात, दोन पानांची तीन होतात, आणि लोक लिबरऑफिसला शिव्या घालतात. बऱ्याचदा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया मायक्रोसॉफ्टचे, ते इथे नसतात. त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट बसवा. त्यांची अक्षरं त्याच रुंदीची बनवलेली आहेत, त्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. एरियल आणि टाइम्सच्या जोडीला लिबरेशन आधीपासून असतो. मराठी मजकूर मंगल फॉन्टमध्ये असेल तर मात्र रुंदी जुळणारा पर्याय माझ्या पाहण्यात नाही. तिथे नोटो देवनागरी लावून पानं एकदा डोळ्यांखालून घाला. समोरच्याला बदल करायचे नसतील तर फाइल पीडीएफ करूनच पाठवा.

---

कोरी_पाटी

पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं. झाकण, वायफाय, कॅमेरा ठीक. हेडफोन जोडल्यावर आवाज आला, पण कॉलमध्ये माइक बंद. आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोनचं प्रोफाइल 'हेडसेट' केल्यावर तोही सुरू झाला. जुन्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतोय, तो झाला की एन्क्रिप्शनची खूण करून बसवतो. व्हर्च्युअल मशीनसाठी एसएसडीवर किती जागा राखून ठेवू?

---

जुना_टर्मिनल

केडीईसकट बघायचं असेल तर ४० जीबी भरपूर. वेगळी राखून ठेवायची गरज नाही, व्हर्च्युअल डिस्क ही मिंटच्या दृष्टीने एक फाइलच असते आणि 'लागेल तशी वाढणारी' असा पर्याय निवडलात तर सुरुवातीला ती लहानच राहते. फक्त टाइमशिफ्टच्या यादीतून तिचं फोल्डर वगळा, नाहीतर प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये तीही पुन्हा पूर्ण कॉपी होऊ शकते आणि २५६ जीबी बघता बघता भरतील.